वयात बसत होत्या, तरी बाद

फिफाच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे यजमानपद भारताला मार्च २०१९ मध्ये मिळाले. सोळा संघांची ही स्पर्धा २ ते २१ नोव्हेंबर २०२० या काळात अहमदाबाद, भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता आणि नवी मुंबई येथे व्हायची होती; अंतिम सामना नवी मुंबईत. भारताचा मुलींचा किंवा महिलांचा कोणताही संघ तोवर फिफाच्या विश्वचषकात खेळलेला नव्हता. यजमान म्हणून या वेळी थेट प्रवेश होता. २०११ च्या महिला विश्वचषकात स्वीडनला तिसरे स्थान मिळवून देणारे थॉमस डेनरबी प्रशिक्षक म्हणून आले. डिसेंबर २०१९ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर स्वीडन व थायलंडविरुद्ध तिरंगी स्पर्धाही झाली. तयारी कागदावरची नव्हती.

मग कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये स्पर्धा लांबणीवर पडली, मे महिन्यात १७ फेब्रुवारी ते ७ मार्च २०२१ ही नवी तारीख जाहीर झाली आणि १७ नोव्हेंबर २०२० रोजी फिफाने ती रद्दच केली. बदल्यात २०२२ चे यजमानपद भारताला दिले गेले. बहुतेकांनी हा हिशेब चुकता झाला असे धरले. यजमानाचा झाला, खेळाडूंचा झाला नाही.

रद्द झालेली स्पर्धा २००३ ते २००५ या सालांत जन्मलेल्या मुलींसाठी होती. २०२२ ची स्पर्धा २००५ ते २००७ सालच्या मुलींसाठी. म्हणजे १ जानेवारी २००५ रोजी जन्मलेली मुलगी २०२२ मध्ये मैदानात उतरू शकत होती आणि आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २००४ ला जन्मलेली कायमची बाद. २००३ आणि २००४ या दोन्ही सालच्या मुली, म्हणजे २०२० च्या वयोगटातल्या वयाने मोठ्या मुली, अशा बाहेर पडल्या. त्यांच्या खेळात खोट नव्हती, वागण्यातही नव्हती. वयोगटाच्या विश्वचषकाला वर्ष चुकले की पुन्हा संधी नसते, हे फिफाला कोणी शिकवायला नको.

नियमच तसा, असे उत्तर यावर दिले जाते. ते टिकत नाही. ऑलिम्पिकमधील पुरुष फुटबॉलला तेवीस वर्षांची मर्यादा आहे. टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेले तेव्हा १ जानेवारी १९९७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची पात्रता फिफाने कायम ठेवली आणि चोविशीतले खेळाडू खेळले. ही शिफारस एप्रिल २०२० च्या ज्या बैठकीत झाली, त्याच बैठकीत मुलींचा विश्वचषक लांबणीवर टाकायचे ठरले. पुरुषांसाठी वाकलेला नियम मुलींसाठीही वाकवता आला असता. जन्मसालाची अट तीच ठेवून स्पर्धा २०२१ च्या अखेरीस घेतली असती, तर सवलत तेवढीच, एका वर्षाची झाली असती.

दुसरे कारण पात्रता फेऱ्यांचे. अनेक खंडांत त्या अर्धवट राहिल्या होत्या, हे खरे आहे आणि या निर्णयामागचे ते सर्वांत वजनदार कारण आहे. पण २०२२ साठीही आशियातील पात्रता स्पर्धा झालीच नाही. तरीही २०१९ च्या निकालांच्या आधारे आशियातले संघ ठरले आणि जपान व चीन भारतात येऊन खेळले. वाट होती, ती दोन वर्षांनी सापडली.

तिसरे कारण संसर्गाचे, आणि इथे गोव्याचा उल्लेख टाळता येत नाही. मुलींची स्पर्धा रद्द झाल्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, २० नोव्हेंबर २०२० रोजी, पुरुषांची इंडियन सुपर लीग गोव्यात सुरू झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशी तीन मैदाने, प्रेक्षक नाहीत, खेळाडू बायो-बबलमध्ये. अंतिम सामना १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात झाला, मुंबई सिटीने जेतेपद मिळवले. मुलींच्या विश्वचषकाची सुधारित तारीख नेमकी याच हंगामात पडत होती. सोळा देशांचे संघ आणणे हे देशातली लीग खेळवण्याइतके सोपे नव्हते, हे मान्य. मात्र जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनची लाट असताना, बारा संघांचा महिला आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात पार पडला. संघातल्या संसर्गामुळे भारताला माघार घ्यावी लागली, स्पर्धा मात्र थांबली नाही.

२०२१ मधल्या मुलग्यांच्या दोन्ही युवा स्पर्धाही फिफाने रद्द केल्या, म्हणून भेदभाव झाला नाही, असाही युक्तिवाद होतो. त्या मुलग्यांवरही अन्यायच झाला. पण भारतापुरते पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. २०१७ चा मुलग्यांचा विश्वचषक इथे झाला, त्यात भारत तिन्ही सामने हरला. तरी त्या मुलांना एकत्र ठेवून ‘इंडियन ॲरोज’ नावाने पुरुषांच्या आय-लीगमध्ये उतरवले गेले, हरायला आणि शिकायला वेळ दिला गेला. मुलींचा विश्वचषक गेला त्या मोसमात इंडियन विमेन्स लीगही झाली नाही. फेब्रुवारी २०२० नंतर ती थेट एप्रिल २०२२ मध्ये खेळवली गेली. मुलींचा ॲरोज संघ दिसला तोही तेव्हाच. सोळा ते अठरा हे घडण्याचे वय त्यांनी राष्ट्रीय लीगविना काढले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या नव्या संघाचे निकाल लागले: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. या निकालांवरून मुलींना नावे ठेवणाऱ्यांनी मधली दोन वर्षेही जमेस धरावीत.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फिफा व आशियाई महासंघापुढे एक नियम मांडला पाहिजे: वयोगटाची जाहीर झालेली स्पर्धा वर्षभरापर्यंत पुढे गेली, तर मूळ तारखेची पात्रता आपोआप कायम राहावी. स्पर्धा रद्दच झाली, तर त्या संघाला त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सामने आणि राष्ट्रीय लीगमध्ये स्वतंत्र जागा मिळावी, खर्च आयोजक संस्थेचा. आणि पुरुषांची लीग ज्या मोसमात होईल, त्या मोसमात महिलांची लीग रद्द करता येणार नाही, हे भारतीय महासंघाने आपल्या नियमावलीत लेखी आणावे.