बिनकेसानं कापलेला गळा

केसानं गळा कापणे हा वाक्प्रचार मराठीत जुना आहे. परंतु अंगावर मुळात केसच नसलेल्या प्राण्याच्या साहाय्यानं गळा कापण्याची कला त्या मानानं नवी असून ती आमच्या शहागंजपर्यंत येऊन पोहोचली आहे, हे मी या लेखाद्वारे जाहीर करतो. ज्यांना कुत्र्याची ॲलर्जी आहे त्यांनी बिनकेसांचा कुत्रा पाळावा, म्हणजे हौसही फिटते आणि शिंकही येत नाही, असं छातीठोक सांगून कुत्री विकणारा जो वर्ग आहे, त्याच्याशी माझं वैर आहे. कुत्र्याशी नाही. उलट कुत्र्याचं वकीलपत्र घेऊनच मी उभा आहे, आणि अशिलानं मला फी म्हणून फक्त हात चाटून दिलेला आहे.

आता या वैराचा इतिहास. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर आमच्याच वाड्यात, वरच्या मजल्यावर आहे. (या एका वाक्यात सहानुभूतीला पुष्कळ जागा आहे, पण तो आजचा विषय नव्हे.) हे घराणं शिंकांचं घराणं आहे. माझे सासरे शिंकायला लागले की शहागंजच्या घड्याळाचे ठोके मोजावेत तशा लोक शिंका मोजत. मेहुण्यांनी ही परंपरा टिकवली आणि त्यांच्या मुलानं ती वाढवून दम्यापर्यंत नेली. पोरगा दहा वर्षांचा, हुशार, खिशात गोट्यांऐवजी पंप. या पोराला कुत्रा हवा होता. हट्ट म्हणाल तर काहीच नाही. शाळेतून येताना गांधी पुतळ्याजवळच्या एका भटक्या कुत्र्याशी तो रस्त्याच्या पलीकडून बोलत असे. जवळ जायची बंदी होती ना!

हे दृश्य बापाच्या काळजाला लागलं तर त्यात नवल नाही. मेहुण्यांनी चौकशी केली आणि एका दूरच्या शहरातल्या विक्रेत्यानं त्यांना 'चायनीज क्रेस्टेड' जातीचं पिलू दाखवलं. डोक्यावर शेंडी, पायांत केसांचे मोजे, शेपटीला झुबका आणि मधला सगळा ऐवज उघडा. "केस नाहीत, म्हणजे ॲलर्जी नाही," विक्रेता म्हणाला. मेहुण्यांनी ते वाक्य मला ऐकवलं तेव्हा मी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिथं गेली पंधरा वर्षं केस नाहीत. म्हणून मला थुंकी येत नाही, की कातडीचा कोंडा पडत नाही? मी तसं विचारलंही. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, तुमची गोष्ट वेगळी, तुम्हाला कुणी पैसे देऊन आणलेलं नाही."

कुत्रीचं नाव ठेवलं केशर. जिच्या अंगावर केस नाहीत तिच्या नावात तरी असावेत, अशी आमच्या सौ.ची सूचना होती.

माझा मुद्दा त्या दिवशी होता तोच आज आहे. ॲलर्जी केसाची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या सूक्ष्म कोंड्यात काही प्रथिनं असतात; त्यांतल्या मुख्य प्रथिनाला शास्त्रज्ञांनी 'कॅन एफ १' असं एखाद्या बसच्या नंबरासारखं नाव दिलंय. शरीराला ती सोसत नाहीत म्हणून शिंका, खाज, दमा. केस हे त्या प्रथिनांचं नुसतं वाहन. टांगा काढून घेतला म्हणून प्रवासी घरी बसत नाहीत, चालत येतात. आणि बिनकेसांचा कुत्रा अंग चाटतो, जिभेनं तुमचा हात चाटतो, गादीवर लोळतो, कातडी झाडतो, हे सगळं केसाळ कुत्र्याच्याच निष्ठेनं करतो.

हे माझं गल्लीतलं शास्त्र नव्हे. २०११ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी तान्ही बाळं आणि कुत्री एकत्र नांदणाऱ्या १७३ घरांतली धूळ तपासली. ॲलर्जी न देणाऱ्या म्हणून खपवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत आणि बाकीच्या घरांत त्या प्रथिनाचं प्रमाण सारखंच निघालं. पुढल्याच वर्षी हॉलंडच्या संशोधकांनी कुत्र्यांचे केस तपासले, तर 'निर्धोक' म्हणवणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच सापडलं. एखादा कुत्रा एखाद्या माणसाला सोसतो, हे खरं. बिनकेसांच्या कुत्र्याला आंघोळ घालणं सोपं आणि सोफ्यावर केस पडत नाहीत, हेही मला मान्य. पण सोफा स्वच्छ राहणं आणि पोराचा श्वास मोकळा राहणं या एकाच किमतीत विकायच्या दोन वस्तू नव्हेत.

या भ्रमात मोठमोठे सापडले आहेत. २००८ साली बराक ओबामा निवडून आले तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीला ॲलर्जी असल्यामुळे व्हाइट हाउसात कुत्रा कोणता यावा, यावर जगभर चर्चा झाली. पेरू देशातल्या श्वानप्रेमींनी आपल्याकडचं बिनकेसांचं पिलू देऊ केलं. ओबामांनी ते घेतलं नाही. २००९च्या एप्रिलमध्ये सिनेटर केनेडींकडून भेट म्हणून कुरळ्या केसांचा पोर्तुगीज वॉटर डॉग आला. त्याचीही ख्याती तीच, ॲलर्जी न देणारा! ऑस्ट्रेलियात त्याआधी वीस वर्षं, १९८९ साली, वॉली कॉनरन नावाच्या गृहस्थानं हवाईतल्या एका अंध बाईसाठी, तिच्या नवऱ्याला सोसेल असा वाटाड्या कुत्रा हवा म्हणून, लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. पहिल्या वेतातली तीन पिलं. तिघांची लाळ आणि केस तपासायला पाठवले, तर एकच पिलू त्या नवऱ्याला सोसलं. सख्खी भावंडं, एकच जात, आणि तिघांत एक! कॉनरनना पुढं त्या 'लॅब्राडूडल'च्या बाजाराचा इतका उबग आला की हे आपण करायला नको होतं, असं त्यांनी २०१९ साली उघड सांगितलं.

आमच्या विक्रेत्याला असा पश्चात्ताप होण्याचं काही चिन्ह नाही. तीन महिन्यांनी पोराची धाप वाढली तेव्हा त्यानं फोनवर निदान केलं, "तुमच्या शहागंजात धूळ फार." धूळ आहे, नाही कोण म्हणतो? पण ती निजामाच्या काळापासून आहे आणि तिचे कुणी पैसे घेतलेले नाहीत. वर त्यानं उपायही सुचवला. एकट्या कुत्रीला करमत नाही, जोडीला नर घ्या, पिलं होतील, एकेक विका, औषधपाण्याचा खर्चही निघेल. दम्यावर खर्च करण्यासाठी दम्याचं कारण दुप्पट करायचं! आणि मेहुण्यांनी नर आणला हो! वरच्या मजल्यावर कारखाना सुरू झाला. तोंडाला फडकं बांधून ते कुत्र्यांचं करत. पूर्वी चंबळच्या खोऱ्यात लोक एवढ्याशा वेशात मोठमोठी कामं करत असत.

बिनकेसाच्या कुत्र्याचं जे करावं लागतं ते केस असलेल्याचं लागत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर. कातडी भाजू नये म्हणून मलम. डिसेंबरात स्वेटर. कातडीवर पुटकुळ्या येतात, म्हणून वेळच्या वेळी आंघोळ. एकदा केशरला घेऊन मेहुणे खाली उतरले, तर आमचा नेहमीचा फळवाला हातातला संत्र्याचा वाटा खाली ठेवून म्हणाला, "क्या साब, इस गरीब कू किसने छीला?" या प्रश्नाइतकं नेमकं श्वानशास्त्र मी अजून ऐकलेलं नाही.

कारण छिलण्याची किंमत आहे, आणि ती कुत्रं मोजतं. हे टक्कल ज्या जनुकातल्या बिघाडामुळे येतं तो २००८ साली सापडला. त्याचं नाव 'फॉक्सआय ३'. मेक्सिकोचा शोलो, पेरूचा बिनकेसी आणि हा नावाचा चिनी, तिघांत बिघाड तोच. म्हणजे नाव चिनी असलं तरी कूळ अमेरिका खंडातल्या भाऊबंदांशी जुळतं. हे जनुक केसांबरोबर दातांचंही खातं सांभाळतं. म्हणून या कुत्र्यांच्या दाढा बऱ्याचदा कमी असतात. बिनकेसांच्या कुत्र्यांचे दात अपुरे असतात, हे डार्विननं १८५९ सालीच लिहून ठेवलं होतं. विक्रेत्याच्या पत्रकात डार्विन नव्हता.

आणि पिलांचं गणित तर त्याहून वाईट. या बिघाडाची एकच प्रत मिळाली तर पिलू बिनकेसांचं होतं. आई आणि बाप दोघांकडूनही मिळाली तर ते जन्मालाच येत नाही, आईच्या पोटातच विरतं. बिनकेसांच्या नराला बिनकेसांची मादी दिली, तर सरासरीनं चारांतलं एक असं जातं, दोन बिनकेसांची होतात आणि चौथं? चौथं अंगभर केसांचं. अगदी पांघरूण घेऊन आल्यासारखं! त्याला इंग्रजीत 'पावडरपफ' म्हणतात. मेलेली पिलं टाळायची असतील तर बिनकेसांच्या जोडीला हे केसाळच द्यावं लागतं. म्हणजे ॲलर्जीसाठी बिनकेसांची कुत्री नीतीनं पैदा करायची, तर घरात एक झिपरं कुत्रं पाळणं भाग आहे. इतका सुंदर व्यवहार मी आमच्या पतपेढीतही पाहिलेला नाही.

(अमेरिकेत १९७२ साली एका टेरियर कुत्रीच्या पोटी एक पिलू आपोआप बिनकेसांचं निपजलं, त्या जातीचं जनुक वेगळं, त्यात दातांचा आणि मरणाचा हा हिशेब नाही. न्याय म्हणून सांगितलं. लाळ तिलाही असते.)

केशरला तीन पिलं झाली. दोन उघडी आणि एक झिपरं. मेहुण्यांचा चेहरा असा झाला, की जणू केशरनं घराण्याला काळिमा फासला. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, असं कधीकधी होतं. कधीकधी! ठरलेल्या प्रमाणात होतं, हे त्याला ठाऊक नसेल तर त्यानं हा धंदा करू नये आणि ठाऊक असेल तर मुळीच करू नये. झिपऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. तिघंच का झाली, चौथं कुठं गेलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते पोटातच विरलं असेल तर त्याचा फोटो नाही, त्याची किंमत नाही, त्यामुळे ते हिशेबात नाही.

२०१७ सालच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्री पैदा करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकता येत नाही. मेहुण्यांची समजूत अशी, की लायसन्स ही भानगड रेडिओच्या लायसन्साबरोबरच संपली. विक्रेत्यानं स्वतःची नोंदणी दाखवली का, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्यानं पेडिग्री दाखवली." सात पिढ्या सांगणाऱ्याला आपण मुलगी देत होतो, त्यातलाच प्रकार.

पिलं महिन्याची असताना एका रात्री पोराला असा दमा लागला की ओठ निळसर झाले. रिक्षा मिळेपर्यंत मेहुणे त्याला पाठीवर घेऊन धावले. वाफ, ऑक्सिजन, दोन रात्री दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी पुढं कातडीवर टोचून ॲलर्जीची तपासणी केली आणि हाताला कुत्र्याच्या जागी ही एवढी गांधी उठली. त्या मेहुण्यांना म्हणाल्या, "कुत्र्याला केस नसले तरी कुत्रंच आहे ना ते?" मी हेच वर्षभर सांगत होतो, पण मी बहिणीचा नवरा, त्या एम. डी.

आता नर आणि दोन उघडी पिलं परभणीकडच्या एका शेतकरी नातेवाइकाकडे गेली आहेत. जाण्यापूर्वी सगळ्यांची शस्त्रक्रिया ठरवून घेतली, म्हणजे नवा कारखाना निघायला नको. पिलांची वय झाल्यावर व्हायची आहे. केशर आणि झिपऱ्या आमच्याकडे खालच्या मजल्यावर आहेत. पोरगा संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतो आणि केशर खालच्या पायरीवर. मधे बावीस पायऱ्या. तो तिला शाळेतलं सांगतो. ती शेपटीचा झुबका हलवते, वर निघते, आणि मला तिला पट्ट्याला धरून मागं ओढावं लागतं. हे काम दिवसातून एकदा करताना त्या विक्रेत्याविषयी माझ्या मनात जे शब्द येतात, ते छापता येण्यासारखे नाहीत.

परवा मेहुणे खाली आले. पोराला काहीतरी हवंच, म्हणाले. मग खिशातून एक फोटो काढला. 'स्फिंक्स' नावाचं बिनकेसांचं मांजर; सुरकुत्या पडलेलं, मोठ्या कानांचं, अगदी माझ्या सासऱ्यांसारखं. विक्रेता दुसरा, वाक्य तेच.

मी चष्मा लावला, फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "हे मांजर दिवसभर अंग कशानं चाटतं?"