मढ्याच्या टाळूवरचे लोणी

अंत्यविधीवर विनोदी चित्रपट काढणे हा धर्माचा अवमान होय, असे मत आमच्या समाजात वारंवार ऐकू येते. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस येऊन लिंबायतीत स्थिरावलेल्या आमच्या मंडळींतही, देवळाच्या ओट्यावर बसून, हे मत मोठ्या हिरिरीने मांडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनही त्यांचे मत आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे.

या वादाचे निमित्त होणारा एक इंग्रजी चित्रपट म्हणजे फ्रँक ऑझ दिग्दर्शित ‘डेथ अ‍ॅट अ फ्युनरल’ (२००७). पित्याच्या अंत्यविधीसाठी घरात आप्त जमतात. पण प्रारंभीच शवपेटीतून भलत्याच माणसाचे प्रेत येते. एक पाहुणा साधे औषध समजून मादक गोळी घेतो आणि छपरावर जाऊन बसतो. एक अनोळखी इसम पित्याचे गुपित फोडण्याची धमकी देऊन पुत्रांकडे पैसे मागतो. २००९ साली ही कथा ‘डॅडी कूल’ या नावाने हिंदीत आली, तेव्हा त्यातले कुटुंब ख्रिस्ती ठेवले गेले. आक्षेपकांना यातून एक सोयीस्कर समाधान लाभते : असली थेरे परक्यांच्या घरी चालतात, आपल्या घरी नाहीत.

वस्तुस्थिती तशी नाही. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४ साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातला भाऊराव कीर्तनकार मेल्यावर स्वतःच कीर्तनाला उभा राहतो आणि जुन्याच स्मशानात जाळा, असा हट्ट धरतो. ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) मध्ये गणपती तोंडावर आलेले असताना घरातील वडीलधारा माणूस अत्यवस्थ होतो, आणि रुग्णालयात जमलेल्या भावकीचे सारे रंग उघडे पडतात. ‘पंचक’ (२०२४) मध्ये पंचकात घडलेल्या एका मृत्यूने कोकणातील अख्खे घर भयाने ग्रासले जाते. चित्रपट-नाटकांचेच कशाला? मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा वाक्प्रचार आम्हांस कोणा इंग्रजाने शिकविलेला नाही. आमच्या पूर्वजांनी तो डोळ्यांनी पाहूनच घडविला असला पाहिजे.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र सबळ आहे. शोक पवित्र आहे, आणि शोकाकुल घरात हसणे हे क्रौर्य होय. हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. परंतु नाट्यगृह म्हणजे सुतकाचे घर नव्हे. आणि या कृतींत हसे होते ते मुख्यतः मृताचे नसून त्याच्याभोवती जमलेल्या जिवंतांचे होय. शोकाच्या पावित्र्याचीच चाड असेल, तर तीच कसोटी आपण आपल्या घराला लावून पाहू.

तापीकाठी अश्विनीकुमार येथे दहन होते. दहाव्याला पिंड ठेवला जातो. कावळा शिवत नाही. मंडळी अस्वस्थ होतात. मग कोणी तरी पुढे होऊन हात जोडतो आणि म्हणतो, “काळजी करू नका, लेकीबाळींना अंतर देणार नाही.” कावळा शिवतो, सर्वांचा जीव भांड्यात पडतो. आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत, पाहुणे पांगण्यापूर्वी, त्याच लेकीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो! गावाकडील सातबारा आणि लिंबायतीतील घर यांवरील हिस्सा तिने भावाच्या नावे सोडावा, ‘माहेर तुटू नये’ म्हणून. विवाहित कन्येस आईबापांचे सुतक तीनच दिवसांचे. म्हणजे सुतकापुरती ती परकी, सहीपुरती घरची. वकिली करणाऱ्या कोणासही हा प्रकार नवा नाही.

या घाईला कायद्याचा कसलाही आधार नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या संपत्तीत पुत्र, कन्या, विधवा आणि माता हे पहिल्या वर्गाचे वारस होत. ९ सप्टेंबर २००५ पासून कन्या जन्मतःच सहदायाद ठरली, आणि त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. वारसाची वर्दी देण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता तीन महिन्यांची मुदत देते. तेरा दिवसांची नव्हे. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १६ असे सांगते की, मानसिक क्लेशाने जिची विचारशक्ती तात्पुरती जरी क्षीण झाली असेल, अशा व्यक्तीशी करार करणारा तिच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असल्याचे मानले जाते. त्या स्थितीचा गैरफायदा घेऊन मिळविलेली सही न्यायालयात टिकेलच असे नाही. पण ती रद्द करून घेण्यासाठी बहिणीला भावाविरुद्ध दावा लावावा लागतो, आणि बहुतेक बहिणी तो लावीत नाहीत. भावांचा सारा हिशेब याच मौनावर बांधलेला असतो.

कोणी म्हणेल, बहिणी स्वखुशीने हक्क सोडतात. सोडोत बापड्या! पण जी खुशी आज आहे ती वर्षश्राद्धापर्यंतही टिकेल. टिकणार नाही अशी धास्ती असेल, तर ती खुशी नव्हे.

तेव्हा आमचे देवस्थानांच्या विश्वस्तांना, पुरोहितांना आणि समाजाच्या पंचांना सांगणे एवढेच आहे की, चित्रपटांच्या निषेधाचे ठराव तूर्त बाजूला ठेवावेत. त्यांऐवजी असा ठराव करावा : वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणत्याही वारसापुढे हक्कसोडीचा कागद ठेवू नये; आणि त्यानंतर ठेवावयाचा झाल्यास, त्या स्त्रीने आपल्या पसंतीच्या वकिलाकडून तो आधी वाचून घ्यावा. दहाव्याच्या घाटावर पिंडासमोर वचन देणाऱ्या भावाला पुरोहितांनी हा ठराव तेथेच, सर्वांच्या देखत, ऐकवावा.