दहाची मोटार, दीड इंची पाइप

हौसेला मोल नाही, ही म्हण ज्याने प्रथम काढली तो बहुधा दुकानदार असावा. हौसेला मोल असते, आणि ते किती असते हे हौस करणाऱ्याच्या बापाला चांगले ठाऊक असते. आमच्या नांदेड-लातूरकडे ज्या घरात संगणकावर खेळणारा सोळा ते पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरात दिवाळीच्या तोंडावर हल्ली एक विषय हमखास निघतो : नवे ग्राफिक्स कार्ड. जुने ‘आता चालत नाही’ म्हणे! मग नांदेडची पोरे देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर गाठतात, लातूरची रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोड पालथा घालतात, आणि ज्यांना तेवढाही धीर नाही ती घरबसल्या हप्त्यांवर मागवतात. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. यांतल्या बहुतेकांना ते महागडे कार्ड घेण्याचे काडीमात्र कारण नाही.

ज्या वडीलधाऱ्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकातला चितारी. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. संगणकाच्या खेळात हा चितारी सेकंदाला ६०, १००, २०० चित्रे रंगवतो. जितकी जास्त, तितका खेळ सफाईदार. इथवर सगळे खरे आहे. घोटाळा पुढे आहे.

एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड २०१७ साली ६९९ डॉलरला निघाले, आणि तेव्हा खेळणाऱ्यांच्या जगात ते मोठे मानाचे होते. त्याच कंपनीचे आरटीएक्स ५०९० जानेवारी २०२५ मध्ये १,९९९ डॉलरला आले. हिंदुस्थानात कंपनीने लावलेली किंमत २,१४,००० रुपये. आमच्या भागाचा हिशेब रुपयांत होत नाही, सोयाबीनमध्ये होतो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हे कार्ड झाले चाळीस क्विंटलचे. एकरी पाच क्विंटल धरले तर आठ एकरांचे अख्खे पीक एका फूटभर लांबीच्या पेटीत गेले! तेही हमीभाव हाती पडला तर, आणि २०२५ च्या सप्टेंबरासारखा पाऊस कोसळून शेतात तळे साचले नाही तर.

बरे, एवढे मोजून मिळते काय? बहुतेक घरांतला पडदा साधा असतो. आडवे १,९२० ठिपके, उभे १,०८०, एकूण २०,७३,६००. आणि तो सेकंदाला चित्रे दाखवतो साठ. कार्डाने दोनशे रंगवली तरी पडदा दाखवणार साठच. विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटार बसवली आणि पाइप मात्र दीड इंचीच ठेवला, तर उसाला पाणी किती मिळेल, हे लातूरच्या पोराला मी सांगायला नको. ८२,९४,४०० ठिपक्यांचा, म्हणजे चौपट बारीक विणीचा पडदा आणला तर या कार्डाला काही काम मिळेल, हे कबूल. पण मग तो पडदा वेगळा, हजार वॅटचा वीजपुरवठा वेगळा आणि त्या जोडीचा प्रोसेसर वेगळा. म्हशीसाठी गोठा, गोठ्यासाठी जागा आणि जागेसाठी कर्ज, अशातली ही गत.

जाहिरातीचे आकडे तर याहून मजेदार. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या व्यासपीठावरून कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले की, ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या आरटीएक्स ४०९० इतके काम करील. टाळ्या पडल्या. किमया अशी की, चारांपैकी एक चित्र कार्ड खरोखर रंगवते आणि मधली तीन अंदाजाने भरते. मी शाळामास्तर माणूस. एक गणित सोडवून तीन उत्तरे अंदाजाने लिहिणाऱ्या मुलाला मी चार गुण देत नाही, आणि लातूरच्या कोणत्याही शिकवणीत ते मिळणार नाहीत. डोळ्याला चाल गुळगुळीत दिसते, हे खरे. पण त्या अंदाजाच्या चित्रांत तुम्ही नुकत्याच दाबलेल्या कळीचा पत्ताच नसतो. जिथे निमिषात गोळी झाडायची, तिथे या सफाईचा काय उपयोग?

शिवाय ही मुले खेळतात तरी काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, नाहीतर २०१५ पासून संगणकावर असलेला जीटीए ५. हे खेळ मध्यम कार्डावर सुखाने चालतात. तरीही हरले की दोष कार्डाचा. नाचता येईना, अंगण वाकडे. फरक इतकाच की पूर्वी अंगणाला दोन लाख पडत नसत.

विजेचेही पाहा. २०१७ च्या त्या कार्डाला २५० वॅट पुरत. ५०९० पूर्ण भारावर ५७५ वॅट खाते. रोज चार तास तसे चालवले तर महिन्याला ६९ युनिटे नुसती कार्डाची. शंभर युनिटांपुढे दर चढतो, हे बिल भरणाऱ्याला ठाऊक असते. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेलेला असताना नांदेडात कोणी मुद्दाम घरात शेगडी पेटवून बसतो काय?

प्रतिपक्षाचे म्हणणे मी ऐकले आहे. जुन्या कार्डावर नवे खेळ चालतच नाहीत, असे ते म्हणतात. काही बाबतींत हे खरे आहे. २०२४ चा इंडियाना जोन्सचा खेळ आणि २०२५ चा ‘डूम’ यांना प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे कार्ड लागतेच; २०१६-१७ ची कार्डे तिथे बाद. पण तेवढ्यासाठी २९९ डॉलरचे आरटीएक्स ५०६० पुरते. वरच्या मजल्यावर जायला जिना लागतो, विमान नव्हे. लग्नाच्या चित्रफिती जोडून किंवा चलचित्रे करून जो पोट भरतो, त्याने मात्र मोठे कार्ड जरूर घ्यावे. ते त्याचे औत आहे.

आणि हेही ध्यानात घ्या की, या बाजारात खेळणारा आता यजमान उरलेला नाही. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री १३,०५० कोटी डॉलरची झाली. त्यात खेळांचा वाटा सुमारे १,१३५ कोटींचा. रुपयात नऊ पैसेसुद्धा नाहीत! बाकी बहुतेक पैसा कृत्रिम बुद्धीची कोठारे उभारणारे मोजतात. ज्या पंगतीत आपण कोपऱ्यातल्या पाटावर बसलो आहोत, तिथे वाढपी आपली भूक पाहून भाव ठरवील, ही आशा भोळी आहे.

यावरून जे वडीलधारे ‘बघा, मास्तरही म्हणतात, खेळ बंद करा’ असे म्हणायला निघतील, त्यांनी थांबावे. मी खेळाच्या विरुद्ध नाही. दिवसभर शिकवणीत पिळून निघालेल्या पोराने रात्री तासभर खेळले तर आभाळ कोसळत नाही. पण खेळ ही एक गोष्ट आणि खेळाच्या नावाने दर दोन वर्षांनी उकळली जाणारी पट्टी ही दुसरी.

तेव्हा मुलांनो, बापाने ‘कशाला हवे?’ असे विचारले तर रागावू नका. तुमचा पडदा किती चित्रे दाखवतो आणि आजचे कार्ड तुमच्या खेळात किती काढते, हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा. दुसरा पहिल्याहून बराच कमी असेल, तर मध्यम किमतीचे कार्ड मागा आणि पाच-सहा वर्षे वापरा. शेतकऱ्याला हिशेब कळतो, तो पैसे देईल. कमी नसेल, तर पैसे घरात राहू द्या आणि तोच खेळ धाकट्या भावंडाला शेजारी बसवून खेळा. दिवाळीला तेवढे पुरते.