पोकळ बास घेताना

गेल्या महिन्यात निपाणीचा भाचा बेळगावला आमच्याकडे आला तो मोबाईल पुढे करतच. "मामा, हाच घ्यायचा!" पडद्यावर व्हायोलिनच्या आकाराचा जुन्या ढंगाचा बास गिटार. नव्या नोकरीचे चार पगार वाचवून पैसे जमवले होते. "हाच का?" विचारलं, तर म्हणाला, "दिसतो कसला भारी!"

भारी दिसतो हे खरंच. जर्मनीच्या हॉफनर कंपनीने हा बास १९५६ साली बाजारात आणला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला एक घेतला आणि तो जगभर ओळखीचा झाला. पॉल डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला हा बास उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता, शिवाय खिशाला परवडला.

पण पैसे आपण आवाजासाठी मोजतो. हा बास आतून पोकळ असतो. तार छेडली की वरचं पातळ लाकूडही थरथरतं. त्यामुळे सूर गोल, उबदार उमटतो आणि लवकर विरतो. भरीव लाकडाच्या बासचा सूर जास्त धारदार असतो आणि लांबतो. कुठला चांगला, हे तुम्ही काय वाजवणार त्यावर ठरतं.

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तारा. गुळगुळीत गुंडाळीच्या तारांवर जुन्या गाण्यांसारखा मऊ ठोका मिळतो, खरखरीत तारांवर तोच बास चकचकीत वाजतो. दुसरी, तारेची लांबी. हॉफनरची ३० इंच, नेहमीच्या बासची ३४. लहान हातांना ३० सोपी, पण नव्या तारा घेताना त्याच मापाच्या मागा. तिसरी, जागा. घरी पोकळ बास स्पीकरशिवायही थोडा ऐकू येतो, म्हणून सरावाला छान. मोठ्या मंडपात मात्र स्पीकरचा आवाज त्याच्या पोटात शिरतो आणि घूंऽऽ सुरू होतं. मधोमध भरीव ठोकळा असलेला अर्धपोकळ बास तिथे बराच सावरून घेतो.

आपल्या भागाला हे नवीन नाही. शेजारच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा घ्यायला जाणारा जाणकार नक्षी नंतर बघतो. आधी तारा लावतो, कान देतो.

आम्हीही तेच केलं. दुकानात भाच्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि दुकानदाराला एकामागून एक चार बास वाजवायला सांगितले. भाच्याने दोनदा तिसऱ्यावरच बोट ठेवलं. वळून पाहिलं तर साधा तपकिरी, अर्धपोकळ बास! क्षणभर तोंड पडलं त्याचं. व्हायोलिनवाला पुन्हा हातात घेतला, वाजवला, खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मामा, हाच बांधायला सांगा."

वाचलेल्या पैशांत चांगली पेटी आली. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हवीच.

आता निपाणीहून आज्जीचा फोन येतो. म्हणते, "पोरगं रात्री काहीतरी डुम्म डुम्म वाजवतंय, पण झोप छान लागते बघ!"