चारही चाकांचा हिशोब



आपल्या घरांतली कित्येक मुले मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, कित्येक गॅरेजात हात काळे करतात. गाडी मालकाची असली, तरी बिघाडाचा बोल आधी ड्रायव्हरलाच लागतो. म्हणून आज फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद कायम चारही चाकांना देणाऱ्या गाडीविषयी लिहीत आहोत.

वळणावर चारही चाके सारखे अंतर कापत नाहीत. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरावे लागते, आणि पुढच्यांना मागच्यांपेक्षा. साध्या जीपमध्ये फोर-व्हीलची दांडी टाकली की पुढचा व मागचा शाफ्ट एकत्र जखडले जातात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही व सारा ताण गिअरवर येतो. फुल-टाइम गाडीत दोन्ही शाफ्टच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल असते, ते हा फरक पोटात घेते. १९७० ची रेंज रोव्हर, १९७७ ची रशियन लाडा निवा आणि १९८० ची ऑडी क्वाट्रो याच पद्धतीच्या.

या डिफरन्शियलला एक खोड आहे. एक चाक चिखलात गरगरू लागले की ताकद तिकडेच वाया जाते. त्यासाठी निवामध्ये लॉकची दांडी आहे. चिखलात लॉक लावावे, पक्का रस्ता लागताच काढावे. काही गाड्यांत हे काम दाट सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या चकत्या आपोआप करतात.

आता मुख्य गोष्ट. एक टायर फाटला की मालक म्हणतो, "एकच नवा टाक." नवा टायर झिजलेल्यापेक्षा घेराने मोठा, म्हणून कमी फेरे घेतो. मग सरळ रस्त्यावरही मधले डिफरन्शियल झिजत राहते, चकत्या तापून निकामी होतात. टायरमध्ये वाचलेले पैसे गिअरमध्ये कितीतरी पटीने जातात. चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे व सारखे झिजलेले हवेत. हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे भरावी, टायर ठरल्या वेळी पुढे-मागे फिरवावेत.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचे व मागचे डिफरन्शियल यांचे ऑइल वेगवेगळे तपासावे. गाडी खोल पाण्यातून आली आणि ऑइल दुधाळ दिसले, तर ते लगेच बदलावे. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस द्यावे, रबरी बूट फाटला आहे का पाहावे. टोचन करताना दोन चाके उचलून गाडी ओढू नये, चारही चाके ट्रकवर चढवावीत. जॅक लावण्यापूर्वी उरलेल्या चाकांना दगड लावावेत, नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नये. काही गाड्यांत हँडब्रेक शाफ्टवर असतो. एक चाक उचलताच गाडी घरंगळू शकते आणि खाली असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

शेवटी एक सांगणे. ऑइल कधी बदलले, टायर कधी टाकले, मालकाला काय सुचवले व त्याने काय सांगितले, हे तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहून ठेवा. उद्या बोट तुमच्याकडे वळले, तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.