पहिला धक्का, योग्य वेळी





यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या दोन मुलांनी एक बिनतारी यंत्र मांडले होते. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरले आहे, हे ते खाली घरात सांगत असे. ब्लूटूथचे मॉड्यूल बाजारातून आणलेले आणि त्याला एक चपटा बटण सेल. पहिल्या दिवशी यंत्र छान चालले. तिसऱ्या दिवशी, नेमके बक्षीस समारंभाच्या आधी, ते बंद पडले. मुले हिरमुसली. एका पालकांनी समजूत घातली, "अरे, असले यंत्र बाजारात तयार मिळते, मनावर कशाला घेता!" बोलणे मायेचेच होते, पण मला ते पटले नाही. यंत्र का बंद पडले हे नववीच्या मुलांना समजण्यासारखे होते, आणि आपण ते त्यांना समजावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हिशेब मांडला. त्या सेलमध्ये साधारण 220 मिलिअँपिअर-तास एवढी वीज असते. यंत्र सतत जागे राहून 5 मिलिअँपिअर घेत असेल, तर सेल 44 तासांत संपणार. तोच सेल वर्षभर, म्हणजे 8,760 तास पुरवायचा असेल, तर सरासरी 0.025 मिलिअँपिअरच वापरता येईल. म्हणजे यंत्राने बहुतेक वेळ झोपावे, क्षणभर जागे व्हावे, निरोप द्यावा आणि पुन्हा झोपावे. भागाकार मुलांनीच फळ्यावर केला.

मग एका मुलीने विचारले, "सर, जागे व्हायला वीज लागत नाही का?" खरा प्रश्न हाच आहे. जगभरचे इंजिनिअर आजही त्यावर काम करीत आहेत.

बिनतारी यंत्राला अचूक ताल लागतो. तो ताल देणाऱ्या सर्किटला ऑसिलेटर म्हणतात. हिंदी माध्यमातून शिकताना आम्ही त्याला 'दोलित्र' म्हणत असू. त्याच्या पोटात गारगोटीच्या जातीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, पातळ काप असतो. असा स्फटिक दाबला की त्यावर वीज निर्माण होते, हे पिअर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 साली दाखवले. उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. या संख्येला पंधरा वेळा दोनने भागून पाहा, बरोबर 1 उरतो. बिनतारी यंत्रातला स्फटिक सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरतो. हिऱ्याला पैलू पाडताना कोन किती महत्त्वाचा असतो, हे आपल्या सुरतेत कोणाला सांगायला नको. क्वार्ट्झचेही तसेच आहे. 35 अंश 15 मिनिटांच्या आसपासच्या कोनात कापलेल्या स्फटिकाचा ताल उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसा बदलत नाही.

मात्र हा स्फटिक सुरू व्हायला वेळ घेतो. घरातला जड, उत्तम कड्यांचा झोपाळा आठवा. एकदा लयीत आला की बराच वेळ झुलतो, पण बोटाच्या हलक्या धक्क्यांनी लयीत यायला त्याला वेळ लागतो. स्फटिक एका हेलकाव्यात फार थोडी ऊर्जा गमावतो, म्हणून तो अचूक; आणि त्याच कारणाने तो सावकाश सुरू होतो. त्याला एक किंवा अधिक मिलीसेकंद लागतात. ब्लूटूथचा छोटा निरोप तर अर्ध्या मिलीसेकंदातही जाऊ शकतो. म्हणजे बोलण्यापेक्षा घसा खाकरायलाच जास्त वेळ! तेवढा वेळ सेल खर्च होत राहतो. स्फटिकाशिवायचे ऑसिलेटर झटकन सुरू होतात, पण उष्णतेने त्यांचा ताल बिघडतो. ब्लूटूथला मात्र निरोप देताना दहा लाखांत 50 पेक्षा जास्त चूक चालत नाही.

मग उपाय काय? नुसता जोर वाढवला तर एका मर्यादेपर्यंत फायदा होतो, त्यापुढे उलट परिणाम होतो. दुसरा उपाय म्हणजे बाहेरून तालात धक्के देणे. पण धक्क्याचा ताल किंचित जरी वेगळा असला, तरी झोका आधी वाढतो आणि नंतर तेच धक्के त्याला थांबवू लागतात. हानी इस्माईलजादेह आणि सुधाकर पामर्ती यांनी 2018 मध्ये मांडलेली युक्ती अशी की धक्के मोजून द्यायचे आणि नेमक्या क्षणी हात काढून घ्यायचा. 2019 मध्ये पवन कुमार हनुमोलू यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. आधी थोडासा धक्का द्यायचा, मग स्फटिकाचा स्वतःचा ताल ओळखून आपला ताल त्याच्याशी जुळवायचा आणि त्यानंतर पुन्हा धक्का द्यायचा.

हे वाचताना मला आपल्या शाळेतली कितीतरी मुले आठवली. सावकाश सुरू होणाऱ्या मुलाला आपण सहावी-सातवीतच 'ढ' ठरवतो, नाहीतर एकावर एक क्लास लावतो. त्याचा ताल कोणता हे विचारायचे राहूनच जाते. पालकांनी यावर जरूर विचार करावा.

आता विश्वस्त मंडळाला एक विनंती. येत्या बैठकीत वर्गांसाठी आणखी मोठे स्क्रीन घेण्याचा विषय आहे. त्यातला एक स्क्रीन कमी करून प्रयोगशाळेसाठी एक साधा ऑसिलोस्कोप, काही स्फटिक, सोल्डरिंगची साधने आणि मोजमापाचे मीटर घ्यावेत, असे माझे मत आहे. स्क्रीनवर मुले दुसऱ्याने केलेला प्रयोग पाहतील. ऑसिलोस्कोपवर त्यांना आपल्याच सर्किटातली लहर वाढताना दिसेल. डिसेंबर 2024 मध्ये सुरतेत सुची सेमिकॉन या चिपची जुळणी आणि तपासणी करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. साणंद आणि धोलेरा इथेही चिपचे उद्योग उभे राहत आहेत. मराठी माध्यमातली आपली मुले तिथे केवळ मजूर म्हणून जाऊ नयेत, असे वाटत असेल, तर सुरुवात नववीतच करायला हवी.

त्या दोन मुलांनी आता यंत्राला झोपायला शिकवले आहे. नवा सेल कधी घातला ती तारीख त्यांनी डब्यावर लिहून ठेवली आहे. पुढच्या प्रदर्शनात आपण सगळे मिळून ती पाहू.

आपला,
मुख्याध्यापक