गाडी रोज पुसू नका

परवा रात्री पार्किंगमध्ये किल्ली पडली म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला. उजेड चुकून बॉनेटवर पडला आणि किल्ली राहिली बाजूला. काळ्या रंगावर, उजेडाच्या ठिपक्याभोवती, कोळ्यानं विणावं तसं बारीक जाळं. हजारो ओरखडे. गाडी तीन वर्षांची, स्टिल्टखाली उभी राहणारी, एकदाही न ठोकलेली. मग हे केलं कोणी?

उत्तर सोपं आहे आणि जरा लाजिरवाणं. मीच केलं. महिन्याला सहाशे रुपये देऊन करून घेतलं.

(ते ओरखडे गोल दिसतात पण गोल नसतात बरं का. ते सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. टॉर्च हलवलात की वर्तुळही हलतं. करून बघा, पण झोपायच्या आधी नको.)

मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत पहाटे पाचला खाली उतरा. एक बादली, एक फडकं, वीस-पंचवीस गाड्या. पहिल्या दोन-तीन गाड्यांना पाणी मिळतं, पुढच्यांना त्या तिघींचा चिखल. धूळ कुठून येते ते इथल्या माणसाला सांगायला नको. काशीमिऱ्याचा हायवे, घोडबंदर रोड, वर्षानुवर्षं चाललेलं मेट्रो ९ चं काम आणि गल्लीगल्लीत पाडून नव्यानं बांधल्या जाणाऱ्या इमारती. त्या धुळीत बारीक वाळू असते, आणि वाळूचा कण गाडीच्या रंगापेक्षा खूप कठीण. ओल्या फडक्यात ती वाळू अडकली की त्या फडक्याला पॉलिश पेपर म्हणायला हरकत नाही. रोज सकाळी आपण गाडीला पॉलिश पेपर मारून घेतो आणि चकचकीत दिसते म्हणून खूश होतो.

आता थोडं इंजिनियरिंग. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लियरकोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लियरकोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ! चकाकी त्याची, आणि खालच्या रंगाचं उन्हापासून रक्षणही तोच करतो. ओरखडे घालवायला आपण पॉलिश करतो तेव्हा ओरखडे 'भरले' जात नाहीत. आजूबाजूचा क्लियरकोट ओरखड्याच्या तळापर्यंत खरवडून काढला जातो. प्रत्येक वेळी एक-दोन मायक्रॉन, मशीन जोरात चालवलं तर आणखी. आमच्या भाषेत सांगायचं तर हे एसएसडीसारखं आहे, ठराविक वेळाच लिहिता येतं. आणि याचा बॅकअप नाही. दर दिवाळीला 'रबिंग-पॉलिश' करून घेणारे लोक बघितले की मला गलबलून येतं. :-)

पूर्वीच्या पद्मिनीला हा प्रश्न वेगळा होता. तिला क्लियरकोट नव्हता, रंगच वरचा थर. पॉलिश केलं की फडक्याला रंग लागायचा, आणि काय जातंय ते डोळ्यांना दिसायचं. आता फडकं पांढरंच राहतं, म्हणून आपल्याला वाटतं की काही गेलंच नाही.

यावर बाजारात उत्तर तयार असतं: सिरॅमिक कोटिंग. मलाही एका शोरूममध्ये वीस-पंचवीस हजारांचं पॅकेज सांगितलं. "सर, नाइन-एच हार्डनेस, हिऱ्याला दहा असतो." हे ऐकून मी गार पडलो, पण वेगळ्या कारणानं. ९एच हा पेन्सिलीचा ग्रेड आहे हो! एचबी, २एच ही शाळेतली पट्टी. रंगावर वेगवेगळ्या पेन्सिली घासून कुठली ओरखडा काढते ते बघायची ती चाचणी. हिऱ्याचा दहा हा मोह्‌सच्या मोजपट्टीवरचा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोटिंग वाईट नसतं, मळ कमी धरतं, धुणं सोपं होतं. पण ते असतं जेमतेम मायक्रॉनच्या हिशोबात, आणि पहाटे पाचच्या फडक्यापुढे ते काय करणार? त्यात बोअरचं मचूळ पाणी वापरलंत तर त्याचे थेंब छान गोल गोल बसतात आणि वाळून क्षारांच्या तितक्याच गोल गोल कड्या सोडतात.

खाऱ्या हवेची भीतीही अशीच अर्धवट. आमच्याकडे एका बाजूला वसईची खाडी, एका बाजूला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरं. पण धड असलेल्या क्लियरकोटला मीठ लगेच खात नाही. मीठ शिरतं ते दगड उडून टवका गेलेल्या जागी आणि पत्र्याच्या सांध्यात. तेव्हा कोटिंगच्या आधी कंपनीच्या रंगाची टचअपची छोटी बाटली घ्या आणि बॉनेटच्या कडेचे टवके भरा. रेल्वेलाइनला लागून गाडी लावणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके येतात, तेही बहुतेक वेळा गाडीचा गंज नसतात. चाकांचे आणि ब्रेकचे लोखंडी कण उडून रुतलेले असतात. त्याचं औषध मिळतं, फवारलं की जांभळं होतं. वास मात्र असा की शेजारी खाली येऊन विचारतील.

मग धुवायची कशी? शहराला स्वतःचं धरण नाही. वर्षानुवर्षं स्टेमचं आणि एमआयडीसीचं पाणी, म्हणजे शेवटी उल्हास नदीचंच. ज्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो तिथे पाइप लावून गाडी धुणाऱ्याला शिव्या पडतात, आणि पडाव्यातच. मी रिन्सलेस वॉश वापरतो. आठ लिटर पाण्यात साधारण ३० मिली (बाटलीवरचं प्रमाण बघून घ्या), सहा मायक्रोफायबर फडकी. भिजवलेलं फडकं वजन न टाकता एका दिशेनं ओढायचं, घडी बदलायची, आणि मळलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही. सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. पावसाळ्यातला चिखल असेल तर आधी झाडांवर औषध मारायच्या हातपंपानं तो भिजवून पाडायचा. उन्हात काही करायचं नाही. कबुतराची शीट (मीरा रोडचे मूळ रहिवासी!) दिसली की ओला कागद पाच मिनिटं ठेवून उचलायची, खरवडायची नाही आणि रविवारपर्यंत थांबायचंही नाही. तापलेल्या रंगात ती कायमची खूण पाडते. दोन-तीन महिन्यांनी एक स्प्रे सीलंट. बस. रविवारचा एक तास.

राहिला प्रश्न गाडी पुसणाऱ्याचा. मी आधी त्याच्यावरच चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उतरून त्याला म्हटलं, धूळ असू दे, रोज पुसू नकोस. तो म्हणाला, "साब, नहीं पोंछा तो सब बोलेंगे मैं आया ही नहीं." निरुत्तर झालो. आपण त्याला रंग सांभाळायचे पैसे देतच नाही, सात वाजता गाडी ओली दिसण्याचे देतो. तो पाणी कुठून आणणार, बादली कितीदा बदलणार, हे आपण कधी विचारलं?

मग ठरवलं ते असं. सहाशे तेवढेच. रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा, मधल्या वारी, माझ्या बाटलीतलं औषध आणि माझी फडकी. बाकी दिवस फक्त काचा. त्याची पहाटेची दहा मिनिटं वाचतात, माझे मायक्रॉन. सोसायटीतल्या दोन काकांनी "पैसे तेवढेच आणि काम कमी?" म्हणून मला वेड्यात काढलं. असो, त्यांच्या गाड्यांवर टॉर्च मारून दाखवायची माझी तयारी आहे.

घरातला विरोध जास्त कडक आहे. बाबांच्या मते धुळीची गाडी गेटबाहेर नेणं म्हणजे न विंचरता लग्नाला जाणं. गेल्या गुरुवारी डिकीत स्टेपनीखाली त्यांचं जुनं बनियनचं फडकं सापडलं. ओलं होतं.